सव्वानऊची सावली: बर्फाच्या डोंगराचा पेन्सिल-अभ्यास

मी वाईची. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर दर जूनमध्ये लेकीकडे स्वित्झर्लंडला, थूनला जाते. थूनहून आगगाडीने इंटरलाकेन, पुढे विल्डर्सविल, आणि तिथून दातेरी रुळावर चढणारी एक जुनी गाडी शिनिगे प्लाटेला जाते. ही गाडी १८९३ सालापासून चालते आणि फक्त उन्हाळ्यातच. सव्वासात किलोमीटरला जवळजवळ तासभर घेते, बसायला लाकडी बाकं, आणि शेवटी १९६७ मीटरवर नेऊन सोडते. उतरून पायवाटेने थोडं वर गेलं की समोर डावीकडून उजवीकडे आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ उभे असतात. फेर्डिनांड होडलर या स्विस चित्रकाराने १९०८ साली हीच तीन शिखरं इथूनच, धुक्याच्या समुद्रावर तरंगताना रंगवली होती.

डोंगराचं पेन्सिलचित्र फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल तर त्याची रीत वेगळी. घरी जाऊन तोच डोंगर तेलरंगात किंवा जलरंगात रंगवायचा आहे आणि त्यासाठी जागेवर बसून अभ्यास करायचा आहे, अशांसाठी मी लिहिते आहे. हा अभ्यास देखणा नसला तरी चालतो. चार महिन्यांनी कॅनव्हाससमोर उभं राहून विचारलेल्या प्रश्नांना तो उत्तर देतो की नाही, एवढंच बघायचं. मला परत जाऊन बघता येत नाही. वाईहून आयगर दिसत नाही. म्हणून जे लागणार ते सगळं त्या कागदावर आलेलं असावं लागतं.

पहिल्या वर्षी माझ्या कागदावर ते आलं नव्हतं. सकाळी नऊला बसले ती दुपारी एकपर्यंत काढत राहिले. आधी आयगर, मग म्योंख, मग युंगफ्राउ, पाटीवर ओळ लिहीत जावी तसं डावीकडून उजवीकडे. प्रत्येक सावली समोर दिसली तशी प्रामाणिकपणे काढली. वाईला आल्यावर कॅनव्हासवर उतरवायला घेतलं तेव्हा कळलं की आयगरवर ऊन डावीकडून आहे आणि युंगफ्राउवर डोक्यावरून. एका चित्रात दोन सूर्य. तो कॅनव्हास अजून अर्धा आहे. खाली जे लिहिते आहे ते बरंचसं त्या कॅनव्हासने शिकवलेलं आहे.

आधी सामान

फार नको. टूएच, एचबी, टूबी, फोरबी, सिक्सबी अशा पाच पेन्सिली; एच म्हणजे कडक, बी म्हणजे मऊ. पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तेवढी पेन्सिल कडक आणि फिकी, माती कमी तेवढी मऊ आणि काळी. आपल्याकडच्या दुकानातल्या ड्रॉइंगच्या पेन्सिली या कामाला उत्तम चालतात. मुलीने मला जिनिव्हात बनलेला एक महागडा संच दिला आहे, तो मी घरीच वापरते. डोंगरावर पेन्सिल दगडावर पडते आणि आतली कांडी तुकडे-तुकडे होऊन जाते.

टोक कटरने लांब करा, शिसं बोटाच्या पेराएवढं बाहेर दिसेल असं. लांब टोक आडवं धरलं की रुंद पट्टा भरता येतो, उभं धरलं की केसासारखी रेषा येते. शार्पनरच्या आखूड टोकाने हे दोन्ही होत नाही. विमानाने जाणार असाल तर कटर मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. फिक्सेटिव्हचा, म्हणजे चित्र पुसटू नये म्हणून मारायचा स्प्रे नेऊच नका, ज्वलनशील म्हणून तो कुठल्याच बॅगेत चालत नाही. त्याऐवजी बटर पेपर न्या आणि काढलेल्या प्रत्येक कागदावर एक ताव घाला.

कागद दोनशे जीएसएमचा, म्हणजे जाडसर, आणि किंचित दाणेदार. मी ए-थ्री कागद आडवा धरते. पॅडला चारही कोपऱ्यांना क्लिपा, कारण वारा केव्हा सुटेल सांगता येत नाही. पुट्टी रबर, म्हणजे कणकेसारखा मळता येणारा मऊ खोडरबर, हवाच. साधा खोडरबर कागदाचा दाणा मारतो आणि मग तिथला पांढरा हा बर्फाचा पांढरा राहत नाही. शिवाय एक दोरा, त्याच्या टोकाला छोटा दगड, म्हणजे ओळंबा झाला. आणि अर्धी भरलेली पाण्याची पारदर्शक बाटली. ती कशाला ते पुढे सांगते.

डोंगर आपल्याला वाटतो तेवढा उंच नसतो

आपल्याकडे प्रत्येक मूल एक चित्र काढतं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी. हजारो वह्यांमध्ये मी ते तपासलं. ते त्रिकोण आपल्या हातात मोठेपणीही राहतात. बर्फाचा डोंगर समोर आला, मन भरून आलं की हात त्याला आपोआप उंच आणि टोकदार करतो. मीही केला होता.

याला उपाय मोजणे हाच. सगळ्यात आधी डोळ्याची पातळी शोधा. पाण्याची बाटली डोळ्यांसमोर धरा आणि पाण्याची वरची कड एकच सरळ रेघ दिसेपर्यंत वर-खाली करा. ती रेघ समोरच्या डोंगरावर जिथे येते ती तुमची क्षितिजरेषा. दऱ्याखोऱ्यांच्या जागी खरं क्षितिज दिसतच नाही, म्हणून ही बाटली. कागदावर ती रेषा टूएचने हलकी मारा.

आता हात कोपरात न वाकवता पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा आणि क्षितिजरेषेपासून आयगरच्या माथ्यापर्यंतची उंची अंगठ्याने पेन्सिलीवर पकडा. तेच माप आडवं करून आयगरच्या माथ्यापासून युंगफ्राउच्या माथ्यापर्यंत किती वेळा बसतं ते मोजा. शिनिगे प्लाटेहून ते सव्वादोन ते अडीच वेळा बसतं. म्हणजे आपण डोळ्यांनी ज्याला आभाळाला भिडलेली भिंत म्हणतो तो कागदावर एक लांब, बुटका पट्टा असतो. पहिल्या वर्षीच्या माझ्या चित्रात दोन्ही मापं जवळजवळ सारखी होती.

आणखी एक गोष्ट मोजल्याशिवाय पटत नाही. युंगफ्राउ ४१५८ मीटर, आयगर ३९६७. तरी इथून बघताना आयगरचा माथा युंगफ्राउच्या बरोबरीचा, किंबहुना किंचित वरच येतो. कारण आयगर अकरा-एक किलोमीटरवर आहे आणि युंगफ्राउ साडेतेराच्या आसपास. माहितीफलकावर उंची वाचून युंगफ्राउला वर सरकवलं की तिचं मागे असणंच नाहीसं होतं. फलक चित्र झाल्यावर वाचा.

माथ्यांच्या जागा ठरल्या की ओळंबा धरा. आयगरच्या टोकाखाली सरळ काय येतं? म्योंखखाली? मधल्या मेन्लिशेनच्या डोंगररांगेचा उंचवटा म्योंख आणि युंगफ्राउच्या मधोमध येत नाही, म्योंखकडे झुकून येतो. असे पाच-सहा उभे दुवे हलक्या ठिपक्यांनी कागदावर ठेवा. मगच माथ्याची रेषा काढा, तीही छोट्या सरळ तुकड्यांनी. गोलाई देऊ नका. धार जिथे वळते तिथे ती मोडते, आणि तो मोड नेमका कुठे आहे यातच त्या डोंगराचा चेहरा आहे.

सह्याद्रीची सवय बाजूला ठेवा

हे मी विशेषतः आपल्या लोकांसाठी लिहिते. वाईत बसून पाचगणीच्या बाजूला पाहिलं तर वरती टेबललँडची सपाट कड, खाली कातळाचे आडवे पट्टे, त्यांच्यामध्ये गवताच्या पायऱ्या. सह्याद्री लाव्ह्याच्या थरावर थर साचून झालेला, त्यामुळे त्याची मुख्य रेषा आडवी आहे. चाळीस वर्षं तो काढला की हात आडवाच चालतो.

आयगर चुनखडकाचा. समुद्राच्या तळाशी साचलेले थर दाबले जाऊन वाकले, दुमडले, उभे-तिरपे झाले. त्याच्या उत्तरेच्या भिंतीवर पट्टे दिसतात, पण ते तिरके आहेत, मध्येच वळतात, मध्येच तुटतात. म्हणून कुठलाही कातळ भरायला घेण्याआधी थराचा उतार कुठल्या बाजूला आहे ते पेन्सिल हवेत तिरपी धरून पाहा आणि कडेला एक बाण काढून ठेवा. माझ्या कागदावर असे आठ-दहा बाण असतात. नाळ, घळ, सोंड, धार हे आपले शब्द तिथेही चालतात आणि मी तेच लिहिते. पण बर्फाने भरलेली नाळ आतून फुगलेली असते, आपल्यासारखी पोकळ नसते. तिच्यावरच्या रेघा मधोमध खाली झुकलेल्या, झोळीसारख्या असाव्या लागतात.

दुसरी सवय हवेची. आपल्याकडे एकामागे एक डोंगररांगा फिकट होत जातात, पाचवी रांग जवळजवळ आभाळात विरते. तिकडे पावसानंतरच्या स्वच्छ सकाळी अकरा किलोमीटरवरची भिंत कापून ठेवल्यासारखी धारदार दिसते. मागचा म्हणून आयगर फिका केला तर चित्र वाईचं होतं. सगळ्यात काळा तो नाहीच. तो मान खालच्या दरीतल्या स्प्रूसच्या, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या, जंगलाला आहे. पण आयगरची सावली आपल्या सवयीच्या मानाने दोन पायऱ्या गडद लागते.

सावली एकदाच काढायची

आता मुख्य काम. माथ्याची रेषा आणि दुवे होईपर्यंत पाऊण तास जातो आणि तोवर ऊन आलेलं असतं. घड्याळ पाहा. मी सव्वानऊ ही वेळ धरते. तेव्हा सूर्य पूर्वेला, म्हणजे माझ्या डाव्या हाताला असतो; आयगरची आपल्याकडची भिंत सावलीत, आणि तिन्ही डोंगरांच्या डावीकडे वळलेल्या बर्फावर ऊन. दुपारी सूर्य डोंगरांच्या मागच्या बाजूला, दक्षिणेला जातो, आणि सगळं एकसारखं निळसर, सपाट होतं. त्या वेळी डबा खावा. संध्याकाळचं ऊन उजवीकडून येतं आणि फार सुंदर असतं, पण खाली उतरणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवावी लागते.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात वेळ लिहा. मग एचबीने, न भरता, फक्त सावल्यांच्या कडा काढा. तिन्ही डोंगरांच्या सगळ्या सावल्या, एका दमात, पंधरा मिनिटांत. तपशील नको. आयगरची मोठी सावली म्हणजे एक तुटक्या कडेचा आकार. म्योंखची त्याला चिकटलेली. युंगफ्राउवर तीन-चार सुटे तुकडे. कुठल्या देशाचा नकाशा काढतो आहोत असं समजा. साडेनऊला पेन्सिल खाली ठेवा. यानंतर सूर्य कुठेही जाऊ दे, ढग येऊ दे, या कडा हलवायच्या नाहीत. तासाला पंधरा अंश सरकणारा सूर्य साडेदहापर्यंत युंगफ्राउची सावली तुमच्या डोळ्यांदेखत बदलून टाकतो, आणि नवी सावली नेहमी जुनीपेक्षा जास्त छान दिसते. तरी बदलायची नाही. मुलीने एकदा विचारलंही, "आई, तिथे आता ऊन आहे, तू सावली का भरतेस?" मी तिला कोपऱ्यातली वेळ दाखवली.

इथे एक खरं सांगते. बर्फाच्या डोंगराचा अभ्यास म्हणजे त्याच्या सावल्यांचा अभ्यास. पेन्सिलीने बर्फ काढता येत नाही, तो कागदाचाच असतो. आपण काढतो ती सावली, आणि सावली बरोबर बसली की बर्फ आपोआप वर येतो.

पाच पायऱ्या

भरायला घेण्याआधी कागदाच्या कडेला पाच चौकोन करा: एक म्हणजे कोरा कागद, पाच म्हणजे सिक्सबीचा दाबून काळा. मग डोळे बारीक करून, पापण्यांच्या फटीतून समोर पाहा आणि प्रत्येक भागावर त्याचा आकडा लिहा. ऊन पडलेला बर्फ: एक. आभाळ: दोन. हो, आभाळ दोन. त्या उंचीवरचं निळं आभाळ उन्हातल्या बर्फापेक्षा स्पष्ट गडद असतं, आणि आभाळ कोरं सोडलं तर बर्फ चमकणार कशाच्या जोरावर? टूएच आणि एचबीने, एकाच दिशेच्या सैल तिरप्या रेघांनी माथ्याच्या कडेपर्यंत आभाळ भरा. त्या क्षणी डोंगर उजळतो. हे प्रत्येक वेळी पाहताना मला नव्याने आनंद होतो.

सावलीतला बर्फ: तीन. इथे जवळजवळ सगळे चुकतात, कारण बर्फ पांढरा हे मनाला माहीत असतं. एका पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोक पाडून त्यातून आधी सावलीतला बर्फ आणि मग उन्हातला कातळ बघा. दोघांची छटा जवळजवळ सारखी निघते, कधी कधी बर्फच गडद. सावलीतला कातळ: चार. खालचं जंगल: पाच. पायाशी असलेलं गवत, उन्हातलं: दोन आणि तीनच्या मध्ये.

भरताना बोटाने घासू नका. घासलेलं ग्रॅफाइट मेणचट चमकतं आणि कातळाची सगळी हाडं मऊ होतात. बर्फावरच्या रेघा पाणी जसं घरंगळेल त्या दिशेने. कातळावरच्या आधी थराच्या बाणाने, मग थराला छेदून जाणाऱ्या फटींच्या. एका डोंगराचा एखादाच तुकडा बारकाईने काढावा, बाकी आकड्यांवर सोडावं. मी आयगरच्या डाव्या धारेखालचा तळहाताएवढा भाग घेते, जिथे ऊन आणि सावली एकमेकांना भिडतात. तिथे सावलीची कड एकसंध नसते: कातळाचा दात पुढे आला की सावली उन्हात घुसते, बर्फाचा फुगवटा आला की मऊ होऊन विरते. कड जिथे धारदार तिथे फोरबीचं टोक दाबून, जिथे मऊ तिथे पुट्टी रबर नुसता टेकवून उचलायचा. हा एक तुकडा बरोबर असला की घरी बाकीची भिंत त्याच्यावरून बांधता येते.

इंग्रज चित्रकार टर्नर १८०२ साली पहिल्यांदा आल्प्समध्ये आला तेव्हा त्याच्या काही वह्यांची पानं आधीच राखी रंगाच्या पातळ वॉशने, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या हाताने, रंगवलेली होती. पाया तीनचा तयार, मग गडद पेन्सिलीने आणि उजेड खरवडून किंवा पांढऱ्या रंगाने. ढगाळ दिवस असेल तर ही युक्ती फार वेळ वाचवते. मी घरून असे चार कागद रंगवून नेते.

शब्द लिहा

ढग येतात. अर्ध्या तासात तिन्ही शिखरं गेली असं कितीदा झालं आहे. तेव्हा शब्द कामाला येतात. रंगांसाठी मी ट्यूबवरची नावं लिहीत नाही, कारण तिथे बसून मिश्रण ठरवणं म्हणजे अंदाज. मी आपले शब्द लिहिते: सावलीतला बर्फ "निळा, खालच्या बाजूला जांभळट", उन्हातला कातळ "गव्हाळ", खालची कुरणं "पोपटी, सावलीत शेवाळी", जंगल "काळपट हिरवं, कडेला गंजलेलं". चार महिन्यांनी "गव्हाळ" वाचलं की मला तो कातळ दिसतो.

माप समजण्यासाठी एखादं घर किंवा गुरांचा गोठा कुरणावर जिथे आहे तिथे नेमका काढा, मुगाच्या दाण्याएवढा असला तरी. आणि जंगल कुठे संपतं ती रेषा नीट घ्या. वर जाताना झाडं आधी विरळ होतात, मग बुटकी, मग एकेकटी, मग नुसतं गवत. दोन वर्षं मी ती रेषा सरळ कापली होती आणि रंगवताना डोंगराला पट्टा बांधल्यासारखा दिसत होता.

घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी, डोळ्यांत असेपर्यंत, राहिलेले आकडे पुरे करा. पण नवी रेषा घालू नका. वाईला आल्यावर मी अभ्यासावर ट्रेसिंग पेपर ठेवते आणि त्याच्यावर दोन सेंटिमीटरचे चौकोन आखते, म्हणजे मूळ कागद खराब होत नाही. माझं रेखाटन छत्तीस सेंटिमीटर रुंद, कॅनव्हास एकशे आठ, तिप्पट. कॅनव्हासवर सहाचे चौकोन. आधी माथ्याची रेषा, मग लगेच सावल्यांच्या कडा, पातळ राखी रंगाने. डोंगराच्या आत दुसरं काही काढायच्या आधी सावल्या.

या वर्षीच्या कागदावर कोपऱ्यात "९.१५, १९ जून, वारा उजवीकडून" असं आहे, आयगरच्या पोटात चारचा आकडा दोनदा गिरवलेला आहे आणि उजवीकडे युंगफ्राउच्या तिसऱ्या सावलीजवळ एक प्रश्नचिन्ह, कारण तिथे साडेनऊच्या आत ढग आला. तेवढी एक सावली पुढच्या जूनमध्ये, त्याच बाकावर, सव्वानऊला बघायची आहे.